हम्मामच्या पाण्याचा दर

ऐन तलहा,
६ नोव्हेंबर १९९४

लाडक्या बहिजास,

अल्लाह तुला सुखात ठेवो. तुझ्या बापाचा गुडघा आता बरा आहे. म्हणजे चहाच्या दुकानापर्यंत चालताना दुखत नाही, मशिदीपर्यंत चालताना दुखतो. त्याचं मी बघते. तू तुझं सांग. नव्या खोलीत ऊन येतं का? नीट जेवतेस, की ऑफिसातल्या इतर मुलींसारखी पाव आणि चीजच्या तुकड्यावर दिवस काढतेस? बसवाल्या हम्मूकडे मुरवलेल्या लोण्याची बरणी दिली आहे. तो स्टँडवर उतरवून देईल. बरणी परत पाठव.

आता कामाचं. परवा तुमच्या पाणीमंडळाचा माणूस आला आणि आपल्या हम्मामच्या दारावर, बायकांच्या वेळा लिहिल्यात नेमक्या त्याच पाटीवर, एक कागद चिकटवून गेला. पुढच्या वर्षापासून पाण्याचे दर वाढवायचा विचार चालू आहे म्हणे. वाढवा बाबा, सगळंच वाढतंय. पण खाली काय लिहिलंय? आजवर हम्मामला घरगुती दर होता, आता हम्माम व्यापारी वर्गात जाणार, हॉटेलं आणि गाड्या धुण्याची गॅरेजं यांच्या रांगेत. हरकती व सूचना असल्यास लेखी कळवाव्यात.

बहिजा, मी गाड्या धुते का?

मी कागद मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा आमची अंग घासणारी राबहा म्हणाली, "लल्ला तामो, खरं तेच लिहिलंय त्यांनी. टायर आपल्याकडेही येतात, फक्त ते पोटावर असतात." सगळ्या बायका हसल्या. मी नाही हसले. भट्टीला घालायचा ऑलिव्हचा चोथासुद्धा यंदा महागलाय, आणि अंघोळीचे पैसे मी चार वर्षांत वाढवलेले नाहीत. वाढवले तर कोण यायचं थांबेल ते मला माहीत आहे. ज्यांच्या घरी नळ नाही त्याच थांबतील.

तू त्याच मंडळात आहेस. हे डोकं कोणाचं ते शोधून काढ. ज्यानं हे लिहिलं त्याला त्याच्या आईनं लहानपणी कधी हम्मामात नेलं नसणार. नाव कळव, पुढचं मी बघते.

तुझी आत्या,
तामो


बाब तिझरा,
२० नोव्हेंबर १९९४

प्रिय अम्मती तामो,

बरणी पोचली. खोलीत सकाळचं ऊन येतं, आणि आज त्या उन्हात बसून पावाला तुझं लोणी लावून खाल्लं. शेजारीण वासानं धावत आली. तिला सांगितलं, हे माझ्या आत्याच्या हातचं आहे, मागू नकोस. मग दिलं थोडं.

अम्मती, दर कोणी एकटा माणूस ठरवत नाही गं. तुला नीट सांगते, म्हणजे तुझा राग जरा सगळ्यांत वाटला जाईल.

आधी खर्च मांडतात. आपल्या गावच्या झऱ्याचं पाणी तीन पावसाळे झाले आटत चाललंय, हे तुलाही माहीत आहे. म्हणजे आता पाणी धरणातून आणायचं. धरण खाली आहे, आपण डोंगरावर. पाणी वर चढवायचं तर पंप, आणि पंपाला वीज. त्यात गावातले नळ जुने, बरंच पाणी वाटेतच जमिनीत मुरतं. हा सगळा खर्च एकदा मांडला की खरं भांडण सुरू होतं, ते म्हणजे कोणी किती उचलायचा याचं. त्यासाठी गिऱ्हाइकांचे वर्ग पाडतात. घरं एका वर्गात, त्यातही कमी वापरणाऱ्यांना स्वस्त, जास्त वापरणाऱ्यांना महाग. दुकानं दुसऱ्यात, सरकारी कचेऱ्या तिसऱ्यात. मग तो कागद संचालक मंडळापुढे जातो. तिथे मंडळाच्या पाचही गावांचे नगराध्यक्ष बसतात, आणि प्रत्येकाला वाटतं की वाढ शेजारच्या गावात व्हावी. तिथून पुढे राजधानीतली भाव-समिती. तिच्या टेबलावर कागद महिनोन्‌महिने पडून असतो. आमचे संचालक सी जलाल नवीन आहेत. ते म्हणाले, आधी लोकांना विचारू. म्हणून तो कागद तुझ्या दारावर लागला. पूर्वी कोण विचारत होतं?

तेव्हा नाव असं नाही. वरचे लोक ठरवतात.

एक विचारायचं होतं. तुझ्या हम्मामचा पाण्याचा वापर दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट झालेला दिसतो. कुठे गळती आहे का? टाकीचा कॉक बघून घे, नाहीतर प्लंबरला बोलव. दर कुठलाही लागला तरी गळतीचे पैसे फुकट जातात.

अब्बांना सांग, मशीद जवळच आहे.

तुझी,
बहिजा


ऐन तलहा,
१२ डिसेंबर १९९४

लाडक्या बहिजास,

गळती नाही. बायका जाड झाल्यात, दोघींचं पाणी एकीला लागतं. ते सोड.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पंपाचं समजलं, वीज समजली. वर्ग कसे पाडतात ते मात्र समजलं नाही. अगं, हॉटेलात माणूस हौसेनं जातो. हम्मामात बाळंतीण चाळिसाव्या दिवशी येते, नवरी लग्नाआधी येते, आणि ज्या घरात सात माणसं अन् एक बादली आहे तिथली बाई आठवड्याचा मळ काढायला येते. हे दुकान असेल तर मशिदीत नमाजाआधी हातपाय धुतात त्या वजूच्या नळालाही मीटर लावा म्हणावं.

आता बातमी ऐक. १९ जानेवारीला तुमच्या मंडळाचे लोक आमच्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये येणार आहेत. जाहीर बैठक! पुरुष मंडळी म्हणतात, गप्प बसा, सरकारी माणसांशी बोलणं आमच्यावर सोडा. गेल्या खेपेला रस्त्याच्या बैठकीत त्यांच्यावर सोडलं होतं, तर त्यांनी चहा पिऊन टाळ्या वाजवल्या. या खेपेला मी राबहाला सांगितलंय की त्या दिवशी दुपारी हम्माम बंद. जिला अंग घासून हवंय तिनं आधी हॉलमध्ये यावं. बघूच वरचे लोक किती वर आहेत ते.

तुझ्या त्या वरच्या लोकांपैकी कोण येणार ते कळलं तर लिही. तोंड ओळखीचं असलं की बोलायला बरं पडतं.

आणि औषधवाल्या बेनानीचा मुलगा परत आलाय, तुझी चौकशी करत होता. मी म्हटलं, ती कामात आहे. बरोबर म्हटलं ना?

तुझी आत्या,
तामो


बाब तिझरा,
१५ जानेवारी १९९५

प्रिय अम्मती,

हे पत्र बैठकीआधी तुझ्या हातात पडावं म्हणून आजच टाकते आहे. बसवाल्या हम्मूकडेच देणार होते, पण तो आजारी आहे, म्हणून पोस्टानं.

तू विचारलं होतंस ते डोकं माझं आहे.

दर ठरवणाऱ्या विभागात मला मार्चमध्ये घेतलं. तुला सांगितलं नाही, कारण तू गावभर मिठाई वाटली असतीस आणि मग दर वाढले की मिठाई खाल्लेल्या त्याच बायका तुझ्या दारात भांडायला आल्या असत्या. वर्गांचा पहिला मसुदा मी लिहिला. हम्माम व्यापारी वर्गात मी टाकले. सी जलालांनी फक्त सही केली.

का टाकले तेही ऐक, मग हवं तेवढं बोल. वरच्या आळीत अजून नळ नाही. तुला आठवतं, मी शाळेत जाताना इत्तो चढणीवर भेटायची, पाठीवर पाण्याचा कॅन, ओणवी होऊन चालायची? तिला तेव्हाही कंबर सरळ करता येत नव्हती. आजही वरच्या आळीतल्या बायका गाढववाल्याकडून पाणी विकत घेतात, आणि एका बादलीला आपण नळाचं जेवढं देतो त्याच्या कितीतरी पट देतात. सगळ्यांत गरीब माणसं सगळ्यांत महाग पाणी पितात. त्या आळीला लाइन न्यायची तर पैसा कुठून आणायचा? छोट्या घरांचा दर वाढवायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. मग खूप पाणी वापरणारे कोण ते बघितलं, तर हम्माम दिसले. ते वरच्या वर्गात टाकले की लाइनचा हिशेब बसत होता. मी कागदावर बघत होते गं, आणि कागदावर तू दिसत नाहीस. नाही, हे खोटं आहे. यादीत तुझं नाव दिसलं होतं. मी म्हटलं, आपल्या माणसाला वगळलं तर मग बाकीच्यांना काय सांगायचं?

आणि बैठकीला येणाऱ्या माणसांत मी आहे. व्यासपीठावर बसून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आहे. तू उभी राहिलीस तर जे बोलायचं ते बोल. माझ्याकडे बघून अडखळू नकोस.

"वरचे लोक" असं लिहिलं त्याची मला लाज वाटते.

तुझी,
बहिजा


बाब तिझरा,
७ फेब्रुवारी १९९५

प्रिय अम्मती,

रमजान मुबारक. बैठकीला तीन आठवडे होत आले, तुझं पत्र नाही. अब्बांना चहाच्या दुकानात फोन केला, ते म्हणाले, "ती ठीक आहे, बोलत नाही एवढंच." तू बोलत नाहीस म्हणजे ठीक कसली?

माझं पत्र तुला मिळालं की नाही हेही मला माहीत नाही. मिळालं नसेल तर मला व्यासपीठावर बघून तुला काय वाटलं असेल याचा विचार करून मला झोप येत नाही.

तो हॉल अजून डोळ्यांपुढून जात नाही. मी कधी एवढ्या बायका तिथे बघितल्या नव्हत्या. पुरुष मागे भिंतीला टेकून उभे होते. आमचे उपसंचालक सी मुबारक पंपाचं सांगत होते, तेवढ्यात तू उठलीस आणि विचारलंस, "हम्मामला दुकान कोणी म्हटलं, त्यानं उभं राहावं." तू माझ्याकडे बघत नव्हतीस, सी मुबारकांकडे बघत होतीस. मी उभी राहिले. "मी म्हटलं," एवढंच बोलता आलं. मग मागून राबहाचा आवाज आला, "ही? हिला तर मी घासून मोठी केली!" आणि सगळे हसले. तेव्हा तूही थोडं हसलीस असं मला वाटलं. कदाचित मीच तसं समजून घेतलं असेल.

पण नंतर इत्तो उठली. ती म्हणाली, "तुम्ही सगळे हम्मामचं बोलता. मी पाण्याचं बोलते. दोन वर्षं झाली, झऱ्याचं पाणी कमी झालं तेव्हापासून आमची अख्खी आळी हम्मामच्या मागच्या नळावर जगते. लल्ला तामो तो नळ दुपारी उघडते आणि आमचे कॅन भरेपर्यंत बंद करत नाही. एक पैसा घेत नाही. गाढववाला आता आमच्याकडे येतसुद्धा नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा कळलं की तुझा वापर दुप्पट का झाला, आणि मी तुला कॉक बघायला सांगितलं होतं.

टाळ्या चालू असतानाच सी मुबारक माझ्याकडे वाकून म्हणाले, "आपल्या मीटरचं पाणी दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं, अम्मती. इत्तोनं तुझं कौतुक म्हणून जे सांगितलं ते मी तुझ्याच नावापुढे लिहिलं. मान वर केली तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. मग तू शाल सावरलीस आणि बाहेर गेलीस. बैठक संपल्यावर मी घरी आले तर दाराला कडी होती, आणि आमची गाडी थांबायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सी जलालांना सांगितलं की ही माझी आत्या, हिनंच मला वाढवलं. ते म्हणाले, "हम्मामचा वर्ग दुसऱ्या कोणाकडे देतो. पण बैठकीत जे ऐकलंस त्यावर तुझं मत लिही आणि खाली नात्यासकट सही कर." मी ते लिहिलं. ज्या गावात हम्मामवाली बाई मंडळाचं काम करते तिथे नोटीस बाईला द्यायची की मंडळाला, असं लिहिलं. त्याचं काय होईल मला माहीत नाही. नोटीस निघणार एवढं मात्र माहीत आहे.

रागाव, पण लिही.

तुझी,
बहिजा


ऐन तलहा,
९ मार्च १९९५

बहिजास,

ईद झाली. म्हणून लिहिते. ईदेनंतर राग ठेवू नये.

तुझं पोस्टानं टाकलेलं पत्र बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. पोस्टमनच्या बायकोला मुलगी झाली, तो घरी बसला होता. मुलगी गोड आहे, मी बघून आले. म्हणजे हॉलमध्ये तू उभी राहिलीस तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. तुला वर बसलेलं बघितलं तेव्हा वाटलं, पाणी पाजायला ठेवली असेल. मग तू म्हणालीस, "मी म्हटलं." खरं सांगू? एवढ्या बायकांसमोर उभं राहून "मी" म्हणायला छाती लागते. तुझ्या बापाला ते या जन्मात जमलं नसतं.

मी हसले ते खरंच हसले. तू नीट बघितलंस.

आता बाहेर का गेले ते ऐक. तुझ्या डोक्यात भलतंच बसलंय. तू लिहीत होतीस, आणि डोळ्यांत पाणी. लहानपणी गरम खोलीत साबण डोळ्यात गेला की तू अशीच बसायचीस, रडायची नाहीस आणि पुसायचीही नाहीस. मला वाटलं, आणखी एक क्षण इथे थांबले तर मी वर चढून हिला जवळ घेणार. आणि मग? गाव म्हणालं असतं, तामोनं भाची लावून आपला दर कमी करून घेतला. तुझे ते सी मुबारक म्हणाले असते, आत्याला वाचवायला पोरीनं कागद बदलला. तुझं खरं लिहिलेलं खोटं ठरलं असतं. म्हणून गेले. घरी कडी लावून आत बसले होते. तू दार वाजवलंस तेही ऐकलं. उघडलं असतं तर तुझी गाडी गेली असती, आणि तुझी नोकरीही तिच्यामागून गेली असती, असं वाटलं तेव्हा.

हा माझा मोठेपणा समजू नकोस. त्यानंतरचे आठवडे मी खरोखरच रुसले होते. तू लिहून घेतलंस म्हणून नाही. "वरचे लोक ठरवतात" म्हणून मला लहान मुलीसारखं समजावलंस म्हणून. मीही तुला बायका जाड झाल्या म्हणून सांगितलं होतं हे मला रमजानच्या मध्यावर आठवलं. राबहानंच आठवण करून दिली. तेव्हा फिट्टंफाट झाली.

नोटीस आली. मागचा नळ बंद करावा, अन्यथा जोडणी तोडण्यात येईल. मी नळाला कुलूप लावलं. तुझा मीटरवाला समोर उभा राहून बघून गेला. मग मी हम्मामचं मागचं दार उघडलं आणि वरच्या आळीच्या बायकांना म्हटलं, "कुलूप नळाला आहे, हम्मामला नाही. या, अंघोळ करा." त्या कॅन घेऊन आत येतात, हातपाय धुतात आणि भरलेले कॅन घेऊन जातात. आलेल्या बाईनं जाताना काय उचलून नेलं ते मी तपासत बसू का? हे मात्र लिहून घेऊ नकोस.

आता तुझ्या मंडळाला माझं लेखी उत्तर. नेऊन दे, नाहीतर पोस्टानं पाठवते.

हरकत: हम्माम हे गाड्या धुण्याचं गॅरेज नाही. वेगळा वर्ग काढा, नाव काहीही द्या.

सूचना: वरच्या आळीला लाइन न्यायची होती तर ते दारावरच्या कागदावर का लिहिलं नाही? मला ते भाचीच्या पत्रातून कळलं, आणि इत्तोला माझ्याकडून. तिथे नळ आला तर माझं अर्धं पाणी वाचतं. मग उरलेल्या पाण्याला मी घरापेक्षा जास्त दर द्यायला तयार आहे. लाइन आधी, दर मग.

खाली मी सही केली आहे, राबहानं अंगठा दिला आहे, आणि इत्तोनं स्वतःचं नाव लिहिलं आहे. ते लिहायला तिला बराच वेळ लागला, पण ती कोणाला हात लावू देईना.

तुझी आत्या,
तामो


बाब तिझरा,
२ जून १९९५

प्रिय अम्मती,

आज सगळ्यात आधी तुला लिहिते आहे. ऑफिसातच लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

तुझं उत्तर एप्रिलच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं गेलं. "नाव काहीही द्या" ला नगराध्यक्ष हसले, पण "दारावरच्या कागदावर का लिहिलं नाही" ला कोणी हसलं नाही. सी जलाल म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. आपण पैसे मागितले आणि कशासाठी ते सांगायलाच विसरलो." मग भांडण झालं ते मात्र तुझ्यावरून नाही. हम्मामचा दर उतरवायचा तर तेवढा भार कोण उचलणार? शेवटी मोठ्या बागांचे बंगले आणि खुद्द नगरपालिकेची कारंजी वरच्या दरात टाकली. आपल्या गावचे नगराध्यक्ष इतके चिडले की चहा न पिता उठले. त्यांच्या बंगल्याची बाग तू बघितली आहेसच.

त्यानंतर कागद राजधानीत गेला. तिथल्या भाव-समितीनं मागितलेली वाढ पूर्ण दिली नाही, बरीच कापली. मी दोन दिवस जेवले नाही. कारण वाढ कापली की लाइन कापली जाते. पण आमच्या इंजिनियरांनी ती दोन टप्प्यांत बसवली. या उन्हाळ्यात चढणीच्या वळणापर्यंतची घरं, बाकीची पुढच्या वर्षी. इत्तोचं घर पहिल्या टप्प्यात आहे. मी त्यात काही केलं नाही. वळण जिथे आहे तिथे आहे.

आणि हम्मामला स्वतंत्र वर्ग मिळाला. त्याचं नाव "सार्वजनिक स्नानगृहे". घरापेक्षा जास्त, हॉटेलापेक्षा पुष्कळ कमी. तो आकडा मी नाही लिहिला, माझ्या जागी बसवलेल्या माणसानं लिहिला. मी लिहिला असता तर आणखी थोडा कमी लिहिला असता. म्हणूनच मला तिथे बसवलं नव्हतं, आणि ते ठीकच झालं.

सी मुबारक मला जिन्यात भेटले. म्हणाले, "तुमच्या आत्याबाई अजून कुलूप लावून आहेत ना?" मी म्हटलं, "नळाला अगदी घट्ट कुलूप आहे." ते म्हणाले, "छान," आणि पुढे गेले. मला वाटतं त्यांना सगळं माहीत आहे.

ऑगस्टमध्ये सुट्टी मिळाली तर येईन.

तुझी,
बहिजा


ऐन तलहा,
१४ ऑक्टोबर १९९५

लाडक्या बहिजास,

ऑगस्टमध्ये आली नाहीस. कामं असतात, मी काही म्हणत नाही. म्हणते आहे.

पाणी आलं. सप्टेंबरात आलं, आणि तू इथे नव्हतीस म्हणून तुला सगळं सांगते. इत्तोच्या अंगणात नळ बसवून चार दिवस झाले होते. रोज तो फिरवून बघायची, आतून नुसती हवा यायची, म्हातारा खोकावा तशी. त्या दिवशी मी तिथेच होते. आधी खोकला आला, मग गढूळ लाल पाणी थुंकलं, आणि मग धार लागली. तिच्या सुनेनं आनंदानं अशी किलकारी मारली की खालच्या बाजारातले लोक वर बघायला लागले. वळणावरच्या सगळ्या घरांतून तसाच आवाज उठला. इत्तो ओरडली नाही. ती बसली, धारेखाली दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तामो, हे बंदही करता येतं!" तिनं ते बंद केलं, परत उघडलं, परत बंद केलं. मी म्हटलं, "अगं, मोडशील." मग आम्ही दोघी रडलो. तू कोणाला सांगू नकोस.

त्यानंतर हम्मामचं मागचं दार दुपारी उघडायची गरज राहिली नाही. वळणाच्या वरच्या बायका अजून येतात, पण तासाभरात आटपतं. पहिले काही दिवस मला चैन पडेना. कॅनांचा खडखडाट नाही, भांडणं नाहीत, "रांगेत आधी माझा नंबर" असला कलकलाट नाही. राबहा म्हणाली, "लल्ला तामो, तुम्हाला कंटाळा येत असेल तर मी भांडते." अंघोळीचे पैसे मी थोडे वाढवले. लहान मुलांचे नाही वाढवले. एक-दोन बायका कुरकुरल्या, पण कोणी यायचं थांबलं नाही. मला भीती होती तसं झालं नाही, हे तुझ्या कानावर असावं.

आता गंमत ऐक. मागच्या आठवड्यात इत्तोला पहिलं बिल आलं. ती ते घेऊन गरम खोलीपर्यंत आली, अंगावर कपडे घालूनच, आणि सगळ्यांसमोर सुरू झाली. "हे बघा! पाणी द्यायचं म्हणून दिलं आणि आता लुटायला बसलेत! ऑफिसात खुर्चीवर बसून दर काढणाऱ्यांना काय कळतं आमचं? तूच सांग तामो, हा दर आहे का?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि बहिजा, माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हटलं, "इत्तो, गाढववाल्याला एका आठवड्यात याहून जास्त द्यायचीस. पंपाला वीज लागते. धरण खाली आहे, आपण वर आहोत. छोट्या घरांचा दर त्यांनी वाढवलेला नाही, नीट वाच. आणि हा दर ज्या पोरीनं काढला तिला मी ओळखते. तिनं विचार करून काढलाय." राबहा म्हणाली, "लल्ला तामोला मंडळानं नोकरीवर घेतलं वाटतं!"

ते मी इत्तोला सांगितलं. तुला सांगायचं ते वेगळं आहे. हम्मामचं बिल मी काल भरलं, आणि दर अजूनही जास्त आहे. ये, आणि समोर बसून माझ्याशी भांड.

तुझी आत्या,
तामो